नसलेले तीन ठिपके

माणूस जिवंत आहे की नाही, हे मी गेली चोवीस वर्षं ठरवत आलो आहे. मी डॉक्टर नाही. निवृत्तिवेतन कचेरीत तीन नंबरच्या खिडकीवर बसतो. वर्षातून एकदा म्हातारी माणसं येतात, काउंटरवर कोपर टेकतात, 'मी हयात आहे' अशा अर्थाच्या कागदावर सही करतात आणि मी ती सही जुन्या सहीशी ताडून बघतो. जुळली तर माणूस आहे. नाही जुळली, तर तो समोर खोकत उभा असला तरी मला विचार करावा लागतो.

ताडून बघण्याची माझी स्वतःची पद्धत आहे. जुळलेल्या प्रत्येक जागी काळ्या पेनाने बारीक ठिपका द्यायचा. वेलांटी जिथे मोडायची तिथेच मोडली आहे, ठिपका. शेवटच्या अक्षराची शेपटी जुन्यासारखीच खाली घसरली आहे, ठिपका. सहा ठिपके जमले की शिक्का. 'मूळ कागदावर कोणतीही खूण करू नये' असा नियम आहे, आणि तो मोठ्या अक्षरांत माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावलेला आहे. अक्षर चांगलं म्हणून ती पाटी मलाच लिहायला लावली होती. ती माझ्या पाठीमागे असल्यामुळे लोकांना रोज दिसते, मला दिसत नाही.

फुलपाखरांचं प्रकरण डॉक्टरांमुळे सुरू झालं. त्यांनी जेवणानंतर चालायला सांगितलं. कचेरीच्या मागे एक मोकळा तुकडा आहे: एक गळकी टाकी, पाय मोडलेल्या खुर्च्यांचा ढीग, रुईची पाच-सात झुडपं आणि टाकीच्या गळतीवर पोसलेली, जमिनीलगत पसरलेली घोळ. तिथे मी आठ फेऱ्या मारायचो. पन्नाशीत माणसाला देव दिसायला लागतो किंवा गुडघे. मला फुलपाखरं दिसायला लागली.

त्यातल्या दोघांची ओळख करून देणं भाग आहे, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. पहिला बिबळ्या कडवा. तांबूस पंख, टोकं काळी, त्यांत पांढरा पट्टा. हा रुईवर वाढतो, म्हणून चवीला कडू. पक्ष्याने एकदा खाल्ला तर ओकतो आणि पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. म्हणूनच हा रमतगमत, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा उडतो. कुठेही दिसतो. दुसरा छोटा चांदवा. तो आमच्याकडे दुर्मीळ. त्याचा नर काळा, पंखांवर पांढरे चंद्र. मादी मात्र हुशार. स्वतः कडू नसताना हुबेहूब बिबळ्याचा अंगरखा घालून फिरते, आणि पक्षी फसतात. नराला हे कधी सुचलेलं नाही. आमच्या घरीही साधारण असंच आहे.

तर या दोघांतला फरक ओळखायचा कसा? मागच्या पंखाकडे बघायचं. बिबळ्याच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन काळे ठिपके असतात, नराला चार. चांदव्याच्या मादीला मध्यावर काहीच नसतं. फक्त पुढच्या कडेला एक ठिपका. म्हणजे बघायचं काय, तर ठिपके कुठे नाहीत ते. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, हा माझाच धंदा. खरं-खोटं ताडायला आपल्यापेक्षा लायक माणूस पंचक्रोशीत नाही.

पंचक्रोशीत एक माणूस होता. माझ्या बायकोचा थोरला भाऊ. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. चष्म्यांचं दुकान चालवून निवृत्त झाले आणि आता भिंग घेऊन हिंडतात. गावातल्या फुलपाखरांची यादी त्यांच्याकडे आहे, लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत, एकतीस वर्षांची. त्या वहीत शिरणं सोपं नाही. मागच्या वर्षी मी एक प्रयत्न केला होता. अर्धा तास पाठलाग करून काढलेला, चांदव्याच्या मादीचा म्हणून एक फोटो त्यांना भर जेवणाच्या पंक्तीत दाखवला. दादांनी भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं, आणि फार मायेने म्हणाले, "भावोजी, हे वाळकं पान आहे. पण छान पान आहे."

"पाठलाग कसा केला मग त्याचा?" बायकोने विचारलं.

"वारा होता," मी म्हणालो.

तेव्हापासून सासरी मला 'पान' म्हणतात. मी दारात दिसलो की आतून आवाज येतो, "पान आलं, पानं वाढा." सहा वर्षांची भाचीसुद्धा म्हणते. तिला तर माझं खरं नाव माहीतही नसावं.

या पार्श्वभूमीवर आमच्या नव्या मॅडमनी एका सोमवारी जाहीर केलं की मागचा तुकडा साफ करून तिथे गाड्या लावायची सोय करायची. सिमेंटचे ठोकळे बसवायचे, बावीस गाड्या मावतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कचेरीत चोवीस वर्षांत कधी मान आडवी हलवलेली नाही. पण त्या तुकड्यातले दुपारचे पाऊण तास सोडले, तर माझ्या दिवसात सांगण्यासारखं काही उरत नव्हतं. तेव्हा माझ्याच आवाजात कोणीतरी बोलल्याचं मला ऐकू आलं.

"मॅडम, तिथे दुर्मीळ फुलपाखरू अंडी घालतं."

मॅडम माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान आणि तितक्याच पटीने हुशार. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी कचेरीतला एकमेव खरा प्रश्न विचारला.

"कागद आहे का?"

"मिळेल."

"शुक्रवारपर्यंत आणा. जाणकार माणसाचं लेखी असेल तर गाड्या पुढच्या बाजूला लावू. नसेल तर पुढच्या सोमवारी काम सुरू."

आता खरं सांगायचं तर तोवर मी ती मादी पाहिली नव्हती. पाहिल्यासारखं वाटलं होतं. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टींचं असंच आहे. पण मंगळवारी, दुपारी एक चाळीसला, ती खरोखर आली. घोळीवर घिरट्या घातल्या, एका पानाखाली पोट वळवून अंडं चिकटवलं आणि पंख उघडून बसली. मी कचेरीच्या पँटीसकट जमिनीवर पालथा पडलो आणि फोनवर फोटो काढला. मागच्या पंखाचा मध्य कोरा. पुढच्या कडेला एक ठिपका. मी पाच वेळा मोजलं. एकापर्यंत मोजायला एवढा वेळ मला बालवाडीतही लागला नसेल.

तेवढ्यात आमचे शिपाईमामा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले. "साहेब, हलू नका. कुठल्या हातात कळ येतेय?"

"कळ नाही मामा. चांदवा आहे."

"तेच म्हणतो मी. भ्रम होतो आधी."

दादा पडद्यावरचे फोटो बघत नाहीत. "पडद्यावर सगळेच गोरे दिसतात," असं त्यांचं म्हणणं. म्हणून फोटोवाल्याकडून वहीच्या पानाएवढी चकचकीत प्रत काढून आणली. ती आणली हे बरंच झालं, कारण बुधवारी लेकीने माझा फोन 'साफ' करून दिला. "बाबा, अडीच हजार फोटो होते आणि सगळी झुडपं," ती म्हणाली. एकूण पुरावा म्हणून जगात ती एकच प्रत उरली.

गुरुवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर फुलपाखरांचं पुस्तक उघडलं, शेजारी फोटो ठेवला, आणि प्रत्येक खूण शिस्तीत ताडली. पंखाचं टोक काळं, जुळलं. किनार काळी, जुळली. मागच्या पंखाच्या मध्यावर पहिली जागा रिकामी, जुळली. दुसरी रिकामी, जुळली. तिसरी रिकामी, जुळली. बायको भाजी निवडत बघत होती.

"यावेळी पान नाही ना?"

"पानाला अंडी घालताना पाहिलंय का कधी?"

"तुमचं काही सांगता येत नाही. आणि दादाला उगाच आशा लावू नका हो. त्याला ते फुलपाखरू एकतीस वर्षं हवंय. मागच्या खेपेला घरी जाऊन गप्पच बसला होता."

हे मला माहीत नव्हतं. मागच्या खेपेला गप्प बसायचा हक्क फक्त माझा आहे, असं मी समजत होतो. फोटो पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं.

शुक्रवारी दुपारी एक वाजता दादा मॅडमच्या खोलीत आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात भिंग, काखेत लाल वही. वही त्यांनी टेबलावर उघडूनच ठेवली. कोऱ्या पानाच्या माथ्यावर आदल्या दिवशीच्या शाईत लिहिलं होतं: छोटा चांदवा. खाली काही नाही. शीर्षक आधी लिहून ठेवणारा माणूस नव्हता तो. मी नजर दुसरीकडे वळवली. दुसरीकडे खिडकी होती. खिडकीबाहेर ठेकेदाराच्या माणसाने चुन्याच्या रेषा मारून ठेवल्या होत्या. एक रेष घोळीवरूनच गेली होती.

दादांनी पाकीट फोडलं, फोटो उजेडाकडे धरला, भिंग टेकवलं. मामा चहाचा ट्रे धरून तसेच उभे राहिले.

"एक," दादा म्हणाले.

मी मान हलवली.

"दोन," दादा म्हणाले. "तीन. चार."

मग भिंग खाली ठेवून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "भावोजी, बिबळ्या आहे. नर. चौथा ठिपका जरा कडेला सरकलाय, पण निसर्गात होतं तसं."

"दादा, मी तिला अंडी घालताना पाहिलं."

"नर अंडी घालत होता?" मॅडमनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, हे त्यांचं मोठेपण.

दादांनी वही मिटली. हळूच मिटली, आत कोणी झोपलेलं असावं तशी. "असू दे. डोळ्यांचं असंच असतं. जे हवं ते दिसतं. तीस वर्षं चष्मे विकले मी, पण या नंबरचा चष्मा मिळत नाही."

मी फोटो हातात घेतला. पाच वेळा मोजलेला एक ठिपका, आणि आता चार. तीन मध्यावर, एक कडेला. मी ते तीन जवळून पाहिले. डावीकडे किंचित जाड, उजवीकडे केसाएवढं शेपूट, कारण मी पेन उचलतो ते उजवीकडे. गर्दीत आपलं पोर पाठीवरून ओळखू यावं, तसे ते मला ओळखू आले.

पहिली जागा रिकामी, जुळली. दुसरी रिकामी, जुळली. तिसरी रिकामी, जुळली.

काळ्या टोकावर दिलेला ठिपका काळ्यात बुडाला होता, किनारीवरचा किनारीत. तांबूस मध्यावर मात्र 'इथे ठिपका नाही' असं मी तीनदा ठिपका देऊन प्रमाणित केलं होतं. निसर्गाने लाखो वर्षं खपून एक नक्कल केली होती, तिच्यात एवढी एक उणीव राहिली होती. ती मी एका संध्याकाळी भरून काढली.

मी हिशेबी माणूस नाही, पण भित्रा आहे, आणि भित्र्या माणसाचं डोकं अशा वेळी झरझर चालतं. गप्प बसलो तर काय? सासरी आणखी एकदा पान. त्याची सवय आहे. बोललो तर काय? मॅडम विचारणार, ही ठिपके द्यायची खोड कुठली? मग फायली निघणार. चोवीस वर्षांच्या सह्या, प्रत्येकीवर सहा ठिपके, आणि डोक्यावर माझ्याच अक्षरातली पाटी. सहा वर्षांनी मलाच त्या खिडकीच्या पलीकडे उभं राहून 'मी हयात आहे' म्हणायचं होतं. चौकशी लागलेल्या माणसाच्या हयातीला फारसं वजन नसतं.

दादा वही काखेत मारून उठत होते. मॅडमनी फोन उचलला. "ठेकेदाराला सांगून टाकते, सोमवारी—"

मी अंगठा जिभेला लावला आणि फोटोवर घासला.

"अहो, काय करताय?" दादा म्हणाले.

पहिला ठिपका गेला. दुसरा आधी पसरला, मग गेला. तिसऱ्याला शर्टाची बाही लावावी लागली. खाली स्वच्छ तांबूस पंख. मग मी कडेच्या ठिपक्यावर अंगठा घासला. हलला नाही. पुन्हा घासला. दादांनी फोटो माझ्या हातातून ओढून घेतला, चष्मा पुसायच्या मऊ फडक्याने स्वतः घासलं, भिंग लावलं.

"हा जात नाही," ते म्हणाले.

"तो जाणार नाही. तो तिचा आहे. बाकीचे तीन माझे."

मॅडमनी फोन खाली ठेवला. "फोटोवर तुम्ही ठिपके काढलेत?"

"काढले नाहीत. दिले."

"कशासाठी?"

"तिथे ठिपका नाही, याची नोंद म्हणून."

मॅडमनी दादांकडून फोटो मागून घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"ठिपका नाही म्हणून ठिपका दिलात," मॅडमनी सावकाश म्हटलं.

"हो."

"ही पद्धत तुमची कधीपासूनची?"

"फुलपाखरांवर पहिल्यांदाच."

मी इथे थांबायला हवं होतं. पण मॅडम हुशार आहेत हे आधी सांगितलंच आहे.

"आणि सह्यांवर?"

"चोवीस वर्षं," मी म्हणालो.

त्यांनी मामांना तीन नंबरच्या कपाटातली कुठलीही एक फाईल आणायला सांगितली. मामांनी मुद्दाम पातळ शोधून आणली असावी, पण ठिपक्यांना पातळ-जाड कळत नाही. दादांनी सवयीने सहीवर भिंग धरलं आणि मोजलं. "सहा," ते म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "याची जात काही सांगता यायची नाही."

"मला फक्त एवढं सांगा," मॅडम दादांना म्हणाल्या, "फुलपाखरू ते आहे की नाही?"

मला वाटलं, आता होणार. पण दादांनी मान हलवली, आडवी. "माझ्या वहीत शाई लागलेला फोटो चालत नाही. कोणाचाही. भावोजींच्या ठिपक्यांवर माझा आता विश्वास नाही आणि नसलेल्या ठिपक्यांवर तर मुळीच नाही." ते दाराकडे निघाले. "अळी दाखवा. आधी घातलेल्या अंड्यांतली एखादी असेलच. पंखांना सोंग जमतं. अळीला जमत नाही."

मग आमची वरात मागच्या तुकड्यात निघाली. पुढे दादा, मागे मी, मागे मॅडम, शेवटी मामा, अजून ट्रे हातात. दादांनी आधी रुई पाहिली. तिथे बिबळ्याची अळी होती, पट्ट्यापट्ट्यांची, गुळगुळीत, उघड्यावर बसलेली. "ही नव्हे," म्हणाले आणि चुन्याच्या रेषेपाशी येऊन इस्त्रीच्या कपड्यांनिशी पालथे झाले. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कळ नाही येत. आमच्याकडे असंच झोपतात."

दादा एकेक पान उलटत होते. दहा मिनिटं गेली. मॅडमनी घड्याळ पाहिलं. मला एवढंच वाटत होतं की मी जे पाहिलं ते एकदा तरी आणखी कोणाला दिसावं. वहीत नाव नको, बढती नको. निदान तेव्हा तरी मला खरंच तसं वाटत होतं.

"भावोजी," खालून आवाज आला. "इकडे वाका."

पानाच्या मागच्या बाजूला एक काळी अळी होती. बोटाच्या पेराएवढी, अंगभर काटे. दिसायला अगदीच वाईट. तिच्यावर एकही ठिपका नव्हता, आणि मी पेन खिशात आहे का ते चाचपून पाहिलं.

दादा उठून बसले. गुडघ्यावर वही उघडली. गुडघ्यावर लिहिल्यामुळे असेल, अक्षर नेहमीसारखं आलं नाही. लिहून झाल्यावर फुंकर घालून त्यांनी वही माझ्यापुढे धरली. 'मादी (ऐकीव) व अळी (प्रत्यक्ष). घोळीवर. पहिली नोंद. पाहणारा: बहिणीचे यजमान.' आणि खाली बारीक अक्षरात, 'फोटो ग्राह्य नाही.'

"तेवढी शेवटची ओळ..." मी म्हणालो.

"ती राहील," दादा म्हणाले आणि मॅडमना हवा तो कागद तिथेच लिहून दिला.

गाड्या आता पुढच्या दारी उभ्या राहतात, त्यामुळे कचेरीतले सगळे माझ्यावर नाराज आहेत. मला सोमवारीच ज्ञापन मिळालं: 'मूळ कागदपत्रांवर अनधिकृत ठिपके देण्याबाबत खुलासा करावा.' सात दिवसांत चार पानी खुलासा केला. चौकशी अजून चालू आहे. तोवर माझी खिडकीवरून उचलबांगडी होऊन आवक-जावक टेबलावर रवानगी झाली आहे. शिक्षा म्हणून दिलेलं ते टेबल मागच्या खिडकीशी आहे. मॅडमना हे माहीत होतं का, ते मी विचारलेलं नाही. त्यांनीही सांगितलेलं नाही. मी खिडकी सोडायच्या आधी मात्र त्यांनी मला बोलावून घेतलं आणि तीन नंबरमागच्या पाटीत एक ओळ वाढवायला सांगितली. अक्षर चांगलं म्हणून मलाच. आता तिथे लिहिलं आहे: 'मूळ कागदावर कोणतीही खूण करू नये. नसलेल्या गोष्टीचीही.'

सासरी मला आता 'ठिपके' म्हणतात. बढतीच म्हणायची. दादा रोज दुपारी दीडला एखादं पत्र घेऊन आवक टेबलापाशी येतात. पत्र बहुधा रिकामं पाकीट असतं. मी त्याला आवक क्रमांक देतो आणि आम्ही दोघं मागे जातो. आत्तापर्यंत सतरा दिवस झाले. ती पंख उघडून दादांसमोर अजून बसलेली नाही. रुईवर बिबळे मात्र खंडीभर. प्रत्येक तांबूस पंख दिसला की दादा भिंग उचलतात आणि माझ्याकडे डावा हात पुढे करतात. मी निमूटपणे खिशातलं पेन काढून त्यांच्या हातात ठेवतो. मग ते मोजायला लागतात.